हसताना हललेला फोटो

तो आला होता बहिणीची अक्कलदाढ दाखवायला. बाहेरच्या बाकावर बसून कंटाळला, एक मोठ्ठी जांभई दिली... आणि तोंड उघडंच राहिलं!

"अगं बाई, मिटत नाहीये याचं तोंड!" त्याची ताई ओरडली. मी एक्स-रेच्या खोलीतून धावत बाहेर आले. बघते तर काय, चांगला उंचापुरा माणूस आ वासून माझ्याकडे बघतोय. डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यातही हसू. नको तिथे हसू फुटणं ही माझी जुनी खोड. फुटलंच.

"मला बघून बरेच जण आ वासतात," मी म्हटलं, "पण मिटतात हो लगेच."

डॉक्टर मॅडमनी त्याच्या तोंडात अंगठे घालून जबडा खाली दाबला, मागे सरकवला. टक्! बसला जागेवर. "सांध्याचा फोटो काढून घे गं याचा," त्या मला म्हणाल्या. "असा उगाच नाही निखळत."

मी त्याच्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला. "हनुवटी इथे टेकवा. ही प्लॅस्टिकची कांडी दातांत धरा. हात या दांड्यांवर. आता बोलायचं नाही, हलायचं नाही. मी काही विचारलं तर 'हो'ला एक बोट, 'नाही'ला दोन." घाबरलेल्या पेशंटांना मी असंच गप्पांत गुंतवते. हा मात्र घाबरलेला नव्हता मुळीच.

काचेआड जाऊन मी बटण दाबलं. यंत्राचा हात त्याच्या डोक्याभोवती फिरायला लागला. तेवढा वेळ मी गप्प बसायचं की नाही? पण छे!

"दुखतंय?" एक बोट.

"ताईला घाबरता?" एक बोट.

"लग्न झालंय?"

दोन बोटं. इतकी झटकन आणि इतकी ताठ, की मी खुदकन हसले. तोही हसला, ती कांडी दातांत धरलेली असतानाच. झालं! फोटोचा पार विचका. जबड्याची खालची कड नागमोडी आलेली... आणि उजव्या कानाजवळ सांध्याचं टोक कुरतडल्यासारखं.

"हललात ना! आता परत काढायला लागणार." वरवर चिडले, पण खरं सांगू? मला बरंच वाटलं. अजून थोडा वेळ तो समोर असणार होता. आणि ते कुरतडलेलं टोक? हसल्यामुळेच आलंय ते, असं मी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या वेळी मी चकार शब्द काढला नाही. तोही दगडासारखा उभा राहिला. कड आली सरळ, स्वच्छ. ती एक जागा मात्र होती तशीच होती.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

फोटो काढणाऱ्याने काही सांगायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. "डॉक्टर सांगतील," मी हसत म्हटलं. जरा जास्तच हसत.

तो माझ्याकडे बघत राहिला. "मघाशी याहून छान हसला होतात तुम्ही."

मग आणखी स्कॅन झाले, हाडाचा तुकडा तपासायला गेला. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तपासणी असो-नसो, दुपारी बाकावर हजर.

"आज काय दुखतंय?" मी विचारायची.

"काही नाही. आज सुट्टी आहे."

"मग घरी झोपायचं."

"घरी जांभया येतात. तोंड उघडं राहिलं तर... बघायला कोण आहे?"

मी त्याच्यासाठी चहा बशीत ओतून गार करायची, त्याला गरम सोसायचं नाही म्हणून. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

हाडात गाठ निघाली, तीही वाईट. जबड्याचा तो भाग काढून धातूची पट्टी बसवायची ठरली. "क्लॅरिनेट?" त्याने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आधी तू तर वाच."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो बाकावर बसून होता. "फोटोवाली, तुला एक विचारायचं होतं. आता नाही विचारत."

"का? दातखीळ बसली?"

"सहा महिन्यांनी फोटो काढशील ना माझा? तो स्वच्छ आला तर विचारीन. नाहीतर... तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही."

"मोठा आला ठरवणारा!" मी तरातरा आत गेले. आणि शिशाच्या काचेमागे उभी राहून ढसाढसा रडले.

सहा महिने गेले. त्याचा गाल आत गेला. शब्द बोबडे, ओले यायला लागले. क्लॅरिनेट कपाटात गेली. "काय म्हणाला गं?" ताई मला विचारायची, आणि मी सांगायची. मला त्याचं सगळं कळायचं.

आणि तो फोटोचा दिवस आला. तोच एप्रन, त्याच दांड्या. त्याने कांडी दातांत धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐक," मी काचेआडून म्हटलं. "फोटो अजून आलेला नाही. मी काही पाहिलेलं नाही. तुझी ती अट घाल चुलीत. लग्न करशील माझ्याशी?"

आणि बटण दाबलं. आता बोलूनच दाखव म्हणावं!

तो डोळे वटारून बघत राहिला. मग दांडीवरचं बोट हळूच वर आलं. एक.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि त्या धारांतून स्क्रीनवर फोटो एका बाजूने उलगडत गेला. दात. पट्टी, पांढरी लखलखीत. तिचे स्क्रू. आणि शेवटच्या स्क्रूच्या पुढे, वाचलेल्या हाडावर... तसंच कुरतडलेलं. या वेळी तो हसला नव्हता. हलला तर मुळीच नव्हता.

मी हसायचा प्रयत्न केला. नाही जमलं. काचेपलीकडून तो बघत होता.

यंत्र थांबलं. त्या एका बोटाशेजारी दुसरं बोट सावकाश वर आलं.

मी बाहेर आले. त्याचा हात हातात घेतला आणि ते दुसरं बोट खाली मिटवलं. त्याने पुन्हा वर केलं. मी पुन्हा मिटवलं, आणि मुठीत घट्ट धरून ठेवलं.

"हलायचं नाही, सांगितलं होतं ना?" मी म्हटलं.

त्याचे डोळे भरून आले. पण बोट मात्र राहिलं, तसंच, माझ्या मुठीत.

"झालं का गं?" बाहेरून ताईने हाक मारली.

"झालं, ताई," मी म्हटलं. "ठरलं आमचं."