ग्वाझा मास्तरांच्या अठरा कोंबड्या

ग्वाझा मास्तरांच्या अंगणात अठरा कोंबड्या मरून पडल्या होत्या. निरोप मिळताच पशुवैद्यक खात्याचा लिम्बानी सायकल हाणत आला, तेव्हा मुखिया निकालाच्या बेतात होते : एलिडाकडून लशीची पेटी काढून घ्यायची.

महिन्यापूर्वी एलिडानंच घरोघरी कोंबड्यांच्या डोळ्यांत मानमोडी रोगाच्या लशीचे थेंब घातले होते. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला टाकलेलं. गावात तिला काही मान होता तो त्या पेटीमुळे.

हौसेनं कोंबड्या पाळणारे निवृत्त मास्तर एकच घोकत होते, थेंबांत विष होतं. आज एलिडाला त्यांनी फाटकाच्या आत पाऊलही टाकू दिलं नव्हतं; ती बाहेरच उभी होती.

लिम्बानीनं मेलेल्या कोंबड्या उलटून पाहिल्या. माना पिळवटलेल्या, हिरवी हगवण. हे विष नव्हतं, मानमोडीच होती. आणखी बारा कोंबड्या अंगणात खुशाल दाणे टिपत होत्या. सगळ्या किडमिड्या, शेपट्यांची टोकं कातरलेली. मेलेल्या मात्र भरदार, काळ्या ठिपक्यांच्या, लांब शेपट्यांच्या.

"मास्तर, थेंब सगळ्यांना दिले?"

"एकूण एक. मी स्वतः धरून दिल्या."

लिम्बानी पाणी मागायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेला. चुलीमागच्या मोठ्या टोपल्यांच्या विणीत काळी ठिपकेदार पिसं अडकली होती.

"आई, कोंबड्या इथं झोपतात?"

"थेंबांच्या त्या दिवशीपुरत्याच," मास्तरांची बायको नाफिरी म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

बाहेर येऊन त्यानं फाटकाकडे पाहिलं. "एलिडा, शेपट्या का कातरतेस?"

"एकीला दोनदा थेंब जाऊ नयेत म्हणून, दादा. थेंब घातला की लगेच कातरते."

"मेलेल्यांपैकी एकीचीही शेपटी कातरलेली नाही," लिम्बानी मुखियांना म्हणाला. "मास्तरांनी बारा मरतुकड्या दाखवल्या आणि अठरा चांगल्या टोपल्यांखाली झाकल्या. पहिलीची मान वाकडी झाली तेव्हाच ही मानमोडी आहे हे त्यांना कळून चुकलं होतं. पण ते कबूल केलं असतं, तर का लपवल्या तेही सांगावं लागलं असतं."

"का लपवल्या?" मुखियांनी विचारलं.

मास्तरांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "ती वांझ आहे. तिची नजर पडली तर अंडी उबतील का?"

त्यांना कुणी टोकलं नाही, याचाच लिम्बानीला राग आला. मुखियांनी पेटी एलिडाकडेच ठेवली आणि लोक पांगले.

चार महिन्यांनी पुढच्या फेरीला तो एलिडाबरोबर निघाला. गेल्या खेपेला वीस-वीस कोंबड्या पुढं करणाऱ्या घरांतून या वेळी तीन-चारच बाहेर आल्या, त्याही रोडावलेल्या. बाकीच्या कुठायत म्हणून विचारलं, तर बायका दार अडवून म्हणत, एवढ्याच आहेत. आतून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. मास्तरांची नजरेची भीती आता घराघरांत पोचली होती. लिम्बानीला आपल्या हुशारीची लाज वाटली.

"तुम्ही बोलला नसतात तर पेटी गेली असती, दादा," सातव्या घरातून निघताना एलिडा म्हणाली. "आता पेटी आहे, कोंबड्या नाहीत."