हे कचेरीतून आले

नवरा रिटायर झाला की बायकोला सुख लागतं, असं ज्याने कुणी म्हटलं असेल त्याला बायकोच नसणार. आमचे हे, म्हणजे विद्याधर सोमण, एकसष्ट सालच्या मार्चअखेर सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झाले. गळ्यात जाडजूड हार घालून घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"चिंच एवढी का भिजत घातलीस?" "फोडणीला तेल जास्त होतंय." एका सकाळी सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. त्या दिवशी मला मोहरी सापडली नाही ती नाहीच.

सांगलीहून लग्न होऊन मद्रासला आले तेव्हापासून वेस्ट मांबलमच्या या माडीवर दिवसाचं राज्य माझं. मुली सासरी गेल्यावर तर दुपार अख्खी माझीच. जेवण झालं की गार लादीवर आडवं व्हायचं, उन्हं उतरली की खालच्या घरमालकीणबाई अलमेलू मामींजवळ जाऊन गप्पा मारत फुलं ओवायची. आता आडवी झाले की हे विचारत, "बरं नाही का?" मामींशी बोलत बसले की वरून हाक यायची, "कुमुद, माझा चष्मा कुठाय?" चष्मा नाकावर! जीव नकोसा झाला होता अगदी.

मे महिन्यातली एक संध्याकाळ. बीच स्टेशनकडून आलेली लोकल मांबलम स्टेशनातून सुटल्याचं ऐकू आलं आणि थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. वळणावर थांबून एक खोकला. दाराबाहेर वहाणा काढल्याचा आवाज. मी फिल्टरमधलं कॉफीचं डिकॉक्शन गरम दुधात ओतलं, पेला घेऊन दाराशी गेले, कडीला हात घातला.

"कोण आलंय?" मागून ह्यांनी विचारलं. हे आरामखुर्चीत बसलेले, मांडीवर पेपर.

दार उघडलं. जिना रिकामा. समुद्रावरचा वारा नुकताच सुटला होता. इतक्या वर्षांची सवय, कानाला भास झाला असेल, असं म्हणून मी ती कॉफी ह्यांनाच दिली. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. रविवारी मात्र काही नाही. कचेरीला सुट्टी ना!

एकदा अलमेलू मामी ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्या तमिळ बोलत, मी निम्मं तमिळ, निम्मं मराठी. म्हणाल्या, "तुमच्या साहेबांचा चेहरा आज उतरलेला दिसला. ऑफिसात फार काम आहे का?"

"मामी, ते रिटायर झाले नाहीत का? घरीच असतात."

"अय्यो, आत्ता तर वर गेले! मला नमस्कारसुद्धा केला."

मी धावत वर गेले. हे खुर्चीतच झोपले होते, तोंड उघडं टाकून.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, नाही वाटली. उलट मी संध्याकाळची वाट बघायला लागले. वेणी घालून, तोंडावर पाणी मारून बसायची. दारापलीकडचा माणूस दमून येत होता आणि त्याला माझ्या चिंचेशी काही देणंघेणं नव्हतं. मी कॉफीचा पेला बाहेर ठेवू लागले. उचलायला जावं तर रिकामा. एका शुक्रवारी दाराच्या कडीला मोगऱ्याचा गजरा होता. स्टेशनाबाहेरच्या फुलवालीकडून हे दर शुक्रवारी आणायचे तसाच.

"कुणी दिला गं?" ह्यांनी विचारलं.

"मामींनी," मी म्हटलं. आणि गजरा माळला.

ह्यांनाही पावलं ऐकू येतात हे मला फार उशिरा कळलं. ऊन कलायला लागलं की हे खुर्ची दाराकडे वळवून बसत. डब्यांना हात लावेनासे झाले, आवाजही खाली गेला. एका संध्याकाळी मी पेला घेऊन निघाले तर माझा पदर धरला.

"कुमुद, दार उघडू नकोस."

"का हो?"

"तो आत आला तर मी कुठे बसू?"

कसाही असला तरी माझा नवरा होता. ह्यांचा हात हातात घेतला तर गार लागला. "नाही उघडणार," म्हटलं, आणि शब्द पाळला. बाहेर खोकला व्हायचा. कुणीतरी ताटकळत उभं असायचं. मग पावलं उतरून जायची. मी चुलीकडे तोंड करून डोळे पुसायची.

आणि मग एका दुपारी ह्यांनी लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला. वर्षाचं लोणचं! वरून मलाच म्हणतात, "मीठच कमी पडलं होतं."

माझं टाळकं फिरलं. "कचेरीत जात होतात तेव्हाच बरे होतात हो! तेव्हा निदान संध्याकाळी हवेसे वाटायचात."

हे खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी पावलं वाजली. खोकला झाला.

मी उठले आणि दार उघडलं.

दारात हे उभे होते. घामाने भिजलेली कॉलर, दमलेले डोळे. मला बघून चेहरा उजळला. किती दिवसांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"काय उकाडा हा," म्हणाले आणि आत आले.

कोट खुंटीला लावला. पाय धुतले. पाय पुसता पुसता आरामखुर्चीकडे नजर गेली, तसं मला हळूच विचारलं, "पाहुणे कधी आले?"

मी वळून बघितलं.

हे खुर्चीतून उठत होते. लोकांच्या घरी जरा जास्तच वेळ बसून राहिलेला माणूस उठतो तसे, ओशाळून. पेपरची नीट घडी केली, ती खुर्चीवर ठेवली. पायात वहाणा सरकवल्या.

माझ्यासमोर येऊन थांबले. माझ्याकडे बघितलं नाही.

"बराच वेळ घेतला तुमचा. येतो मी, वहिनी."

अहो, थांबा, असं मला ओरडायचं होतं. पण निघालेल्या पाहुण्याला जे म्हणायची जन्मभराची सवय, तेच तोंडातून गेलं.

"या हं पुन्हा."