माझ्या नावावर दोन रोस्ट

"इथल्या गाई चावतात का?"

मी कुरणात शिरून फाटक लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला. वळून पाहिलं तर एक उंच, सडसडीत तरुण. भुरभुर पावसाने केस कपाळाला चिकटलेले, आणि स्वारी अजून फाटकाच्या पलीकडेच! आत पाच-सहा गाई आपल्या नादात चरत होत्या.

"चावत नाहीत," मी म्हणाले, "पण चौकशा फार करतात. तू आमच्याच ग्रुपचा का?"

"हो. टोबी. आज पहिल्यांदाच आलोय. बस चुकली म्हणून धावत... मॉरिस फोनवर म्हणाले, सगळ्यात मागे निळ्या टोपीतली नेल असेल, तिला गाठ."

"गाठलंस. आता माझ्या उजवीकडून चाल. गाई डावीकडे आहेत."

तो इतका अंग चोरून, मला चिकटून चालला की मला हसू आवरेना. हसले आणि एकदम जाणवलं... फेब्रुवारीपासून मी अशी हसलेच नव्हते.

डर्बिशायरच्या डोंगरांत महिन्यातून एका रविवारी आमचा ग्रुप चालायला निघतो. म्हातारे मॉरिस सगळ्यात पुढे आणि मी सगळ्यात मागे. फाटकं लावायची आणि कुणाला मागे राहू द्यायचं नाही, हे माझं काम. दोन वर्षं माझ्याबरोबर मागे डंकन असायचा. फेब्रुवारीत त्याने आमचं ठरलेलं लग्न मोडलं. ग्रुपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तोंडातून शब्द काढेल तर शपथ! विषय तिकडे वळतोय असं वाटलं की जो तो हवापाण्यावर बोलायला लागे. मला त्या हवापाण्याचा वीट आला होता. आजचं चालणं शेवटचं, उद्यापासून ग्रुप सोडायचा, असं मी मनाशी पक्कं करून आले होते.

दुपारी पबच्या दारात चिखलाचे बूट काढून आम्ही सगळे मोज्यांवर आत गेलो. शेकोटीजवळचं लांब टेबल आमचंच असतं. तिथलं स्वयंपाकघर लहान, म्हणून कुणाला काय हवं ते गुरुवारीच कळवावं लागतं. मी घाईघाईत जानेवारीत पाठवलेला निरोपच न वाचता पुन्हा पाठवून दिला होता.

पबची मालकीण ब्रेंडा दोन वाफाळत्या ताटल्या घेऊन आली. "नेल! दोन रोस्ट बीफ! एक तुझं आणि एक—"

तिची जीभ तिथेच अडखळली.

"दुपारनंतर उघडेल असं दिसतंय," मॉरिस खिडकीकडे बघत म्हणाले.

"वाराही पडलाय," कुणीतरी लगेच री ओढली.

माझे कान तापले. तशीच मोज्यांवर उठून निघून जावं, असं वाटलं.

"ते माझं!" टोबीने हात लांब करून ताटली घेतली. "मीच सांगितलं होतं नेलला. ग्रेव्ही अजून मिळेल ना?"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण पाचच मिनिटांत ब्रेंडा पुन्हा हजर. "टोबी कोण? मशरूमचं सूप आणि चीज सँडविच?"

टोबीने मानही वर केली नाही. "तेही माझंच. वाढतं वय आहे."

टेबलावर हशा पिकला. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्याने दोन्ही जेवणं शेवटच्या घासापर्यंत संपवली... आणि मधूनच माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझा बटाटा गिळवेना.

जेवणानंतरची चढण उभी होती. अर्ध्यावर टोबी एका दगडावर बसला.

"तू जा पुढे. मी इथेच राहतो... कायमचा."

"मला जाता येत नाही. शेवटच्या माणसाबरोबर थांबायचं असतं. खोटं का बोललास?"

"तुझा चेहरा बघवेना." त्याने बुटाचा चिखल दगडावर खरवडला. "एक विचारू? ज्याचं ताट मी खाल्लं... त्याची तू वाट बघतेयस?"

तीन महिन्यांत एवढं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"जेवणाआधी विचारलं असतंस, तर माहीत नाही म्हणाले असते."

"आणि आता?"

"आता ज्याने खाल्लं त्याचीच काळजी वाटतेय. ऊठ!"

मी हात पुढे केला. तो उठला, पण हात काही सुटला नाही. त्याने सोडला नाही की मी... कुणास ठाऊक.

"पुढच्या महिन्यात येशील?" त्याने हळूच विचारलं.

"येईन," मी म्हणाले. सकाळचा निश्चय कुठल्या कुठे पळाला होता.

इतक्यात माथ्यावरून मॉरिसची हाक आली, "नेल! सगळे ठीक ना?"

खालचं बोलणं एवढ्या वर पोचत नाही, म्हणून आम्ही हात उंच करून उत्तर देतो. माझ्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्यात टोबी. मी काठी वर करू शकले असते.

मी दुसरा हात वर केला, त्याच्या हातासकट.

माथ्यावर टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा! त्या दुपारी कुणीसुद्धा हवेबद्दल अवाक्षर काढलं नाही.