चिमणी लावली की दार अडतं

शलाका गावंडेच्या घराचं दार रोज सकाळी रुसायचं. एरवी एका बोटाने उघडणारं ते दार साडेसात ते नऊ या वेळात काही केल्या ऐकायचं नाही. कबड्डीचा सराव करून शलाका घरी यायची, पाय चौकटीला टेकवून दोन्ही हातांनी दार ओढायची, तेव्हा कुठे ते 'फस्स' करून उघडायचं. नऊनंतर तेच दार पुन्हा शहाण्यासारखं वागायचं.

अकरा वर्षांच्या शलाकाला असल्या गोष्टींचा नाद होता. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं : 'दार अडतं. त्याच वेळी मोरीच्या जाळीतून गुडगुड होतं आणि घाण वास येतो. चिमणी गरजते पण धूर जात नाही.' आणखी एक गोष्ट तिने लिहिली नव्हती, कारण तिचा या सगळ्याशी काही संबंध असेल असं तिला वाटलंच नव्हतं. आईचं डोकं दुखायचं. हिवाळा लागल्यापासून रोज सकाळी दुखायचं, गरगरायचं, मळमळायचं आणि दुपारपर्यंत आपोआप उतरायचं. दवाखान्यात जाऊन झालं, डोळे तपासून झाले, पण कुणालाच काही सापडेना. गेल्या मंगळवारी तर भाकरी थापताना ती मटकन खाली बसली होती. त्या दिवसापासून शलाका सराव संपला की धावतच घरी यायची.

नागपुरात उन्हाळ्याचा पारा पन्नाशीला टेकायला लागल्यापासून सगळीकडे थंडघरं बांधली जात होती. थंडघर म्हणजे जाड भिंतींचं, फटी नसलेलं घर. त्याच्या दाराला फ्रिजच्या दारासारखी रबराची कड असते आणि ते बाहेरच्या बाजूला उघडतं. बाहेरचं ऊन आत येत नाही, आतला गारवा बाहेर जात नाही. शलाकाची आई अशाच एका थंडघराच्या स्वयंपाकघरात तीस डब्यांचा स्वयंपाक करायची. दिवाळीत बाबांनी तिथे शेगडीच्या वर हौसेने धूर ओढणारी नवी चिमणी बसवली. धूर जात नाही म्हणून कंपनीचा माणूस येऊन तिच्या जाळ्या धुऊन गेला, मोटारीचा वेग वाढवून गेला. आईचं डोकं मात्र जास्तच दुखायला लागलं. शेवटी बाबांनी दुप्पट ताकदीची मोटार आणली आणि ती बसवायला रविवारी सकाळी शेवंता मेश्राम नावाच्या कारागीर बाईंना बोलावलं.

शेवंतामावशी आल्या त्या खांद्यावर शिडी आणि हातात पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात खारीएवढा एक यंत्रमानव होता. चिमणीच्या नळीत सरसर चढून आतली काजळी, तेल, भेगा आणि वायू तपासायचे, हे त्याचं काम. मावशी त्याला खारूताई म्हणायच्या.

"दार काहून इतकं जड आहे जी तुमचं?" आत आल्या आल्या मावशींनी विचारलं.

"रबर नवीन आहे ना!" बाबा म्हणाले. "ताई, ही मोटार. तेवढी बसवून द्या, म्हणजे चिमणीची कटकट मिटेल."

मावशींनी मोटारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला. "माझी रीत आहे भाऊ. आधी उदबत्ती, मग पाना. चिमणी चालू राहू द्या. घरात आणखी काय काय जळून राहिलं, ते दाखवा."

"जळतंय म्हणजे? गॅसची शेगडी, आणि न्हाणीघरात गॅसचा गिझर. आताच पाणी लावलंय."

मावशींनी खारूताईला गिझरवर सोडलं आणि गिझरच्या डोक्यावरून भिंतीबाहेर जाणाऱ्या धुराच्या नळीपाशी उदबत्ती धरली. शलाका टाचा उंचावून बघत होती. उदबत्तीचा धूर नळीतून बाहेर जायला हवा होता. तो उलटा फिरला आणि खाली, खोलीत उतरायला लागला.

"विषारी वायू आढळला," खारूताई छापील मराठीत म्हणाली. "कार्बन मोनॉक्साइड. हवेच्या दहा लाख भागांत नव्वद भाग."

मावशींचा आवाज एकदम बदलला. "गिझर बंद! शेगडी बंद! दार सताड उघडा. बाईंना बाहेर घ्या, आत्ताच्या आत्ता."

आई "अहो, भाजी करपेल" म्हणत होती, पण तिचं कुणी ऐकलं नाही. अंगणात खुर्चीवर बसवल्यावर तिने डोळे मिटले. तिचा चेहरा पाहून शलाकाला रडूच फुटलं. बाबांनी गाडी काढली आणि आईला दवाखान्यात नेलं. शेजारच्या काकू शलाकासोबत अंगणात येऊन बसल्या. तासाभराने बाबांचा फोन आला. आईला प्राणवायूचा मुखवटा लावला होता आणि आता तिला बरं वाटत होतं. तोवर मावशी अंगणातून हलल्या नव्हत्या.

"तो वायू कुठून आला?" शलाकाने डोळे पुसत विचारलं.

"नीट पेटायला गॅसला भरपूर हवा लागते," मावशी म्हणाल्या. "हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात शिरला की प्राणवायूची जागा बळकावून बसतो. मग डोकं दुखते, गरगरते. नळीतून बाहेर गेला असता तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या घरात तो उलटा येऊन राहिला."

"उलटा का?"

मावशींनी तिच्या पाण्याच्या पातळ बाटलीकडे बोट दाखवलं. "रिकामी कर. तोंडाला घट्ट लाव आणि आतली हवा ओढ."

शलाकाने हवा ओढली. कटकट आवाज करत बाटलीच्या दोन्ही बाजू आत दबल्या. आणखी ओढू गेली तर काही येईचना.

मावशींनी टोच्याने बाटलीच्या बुडाला भोक पाडलं. "आता ओढ."

आता बाटली दबली नाही. शलाका ओढत राहिली आणि हवा येत राहिली.

"बाटली म्हणजे आमचं घर!" ती ओरडली. "आणि ओढणारी मी म्हणजे चिमणी!"

"बरोब्बर. चिमणी हवा बाहेर फेकते. पण जितकी बाहेर गेली, तितकी आत याले पाहिजे."

"तुमची चिमणी दोन मिनिटांत संपूर्ण स्वयंपाकघराएवढी हवा बाहेर टाकू शकते," खारूताईने माहिती पुरवली. "बदली हवा (बाहेर गेलेल्या हवेची जागा घेणारी हवा) न मिळाल्यास घरातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो. मग बाहेरची हवा दाराला आत ढकलते. तुमच्या दारावर मघाशी साधारण दहा किलोचा भार होता."

शलाकाने वही उघडली. म्हणून दार अडत होतं! बाहेरची हवाच ते दाबून धरत होती. घराला हवा हवी होती, म्हणून ते मोरीच्या जाळीतून गटारातली हवा ओढत होतं. म्हणून गुडगुड, म्हणून वास. चिमणीला ओढायला हवाच मिळत नव्हती, म्हणून ती नुसती गरजत होती. आणि घराला हवा ओढायला आणखी एक वाट होती, गिझरच्या धुराची नळी. तिने चौथी ओळ लिहिली : 'आईचं डोकं दुखतं.' चारही ओळींचं उत्तर एकच होतं.

"म्हणजे मोठी मोटार बसवली असती तर..."

"तर गिझरचा धूर आणखी जोरात आत आला असता," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण मले एक सांग. थंडघर बांधणाऱ्यानं भिंतीत श्वासखिडकी ठेवलेली असते, हवा आत याले. तुमची दिसत नाही कुठं?"

शलाकाचा चेहरा उतरला. श्वासखिडकी होती. उन्हाळ्यात तिच्यावर वाळ्याचा ओला पडदा असायचा, थेट जुन्या कूलरसारखा. आणि नागपूरकरांची पिढ्यान्पिढ्यांची सवय अशी, की थंडीच्या आधी कूलर काढायचा आणि भोक थर्मोकोलने बुजवायचं. दसऱ्याला बाबांनी पडदा काढला, थर्मोकोल कापून बसवला. वरून चिकटपट्टी लावायचं काम शलाकाचं. वारा येऊ नये म्हणून तिने एकदा नाही, तीनदा लावली होती. बाबांनी शाबासकीही दिली होती.

"मीच लावली," ती पुटपुटली. "माझ्यामुळे आई..."

मावशींनी तिला जवळ ओढलं. "पहिल्या वर्षी मीही माझ्या घरची अशीच बुजवली होती, पोरी. चिमण्या बसवणारी बाई मी! एका सकाळी माझी सासू न्हाणीघरात पडली. वाचली, पण तेव्हापासून मी उदबत्तीशिवाय पाना हातात घेत नाही. चल, काढू ती पट्टी."

चिकटपट्टी निघता निघेना. तिसरा थर सुटला, थर्मोकोल बाहेर आला आणि गार हवेचा झोत दोघींच्या तोंडावर आला. भोकात एक छोटी डबी लुकलुकत होती. घरातली हवा तपासणारा संवेदक (बदल ओळखून खबर देणारं यंत्र) होता तो. थर्मोकोलच्या पलीकडे बाहेरची स्वच्छ हवा हुंगत बसून तो बिचारा दोन महिने 'सर्व ठीक' असं सांगत होता.

मावशींनी काम सुरू केलं. संवेदक भिंतीवर आतल्या बाजूला लावला. चिमणी बंद केल्यावर खारूताई तिच्या नळीत चढून तेलाचा थर खरवडून आली. शेगडी आणि गिझर बंदच ठेवून, दार लावून घेऊन मावशींनी चिमणी पुन्हा लावली. उदबत्तीचा धूर सरळ चिमणीत शिरला. गिझरच्या नळीपाशी धरली तर तिथला धूर बाहेर गेला. तरी मावशींचं समाधान होईना. "हा गिझर घरात नकोच. वर गच्चीवर न्या. तोवर चुलीवर पाणी तापवा, अंगणात."

"मावशी," शलाका विचार करत म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला कुणी पुन्हा बुजवली तर? चिमणीने आधी विचारायला हवं, खिडकी उघडी आहे का म्हणून. नसेल तर सुरूच व्हायचं नाही."

मावशी शिडीवरून झटकन खाली उतरल्या. "खारे, जमते का गं?"

"श्वासखिडकीत एक कळ आणि चिमणीपर्यंत एक तार," खारूताई म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम. मला हे सुचायला हवं होतं."

संध्याकाळी आई घरी आली. नव्या मोटारीचं खोकं तसंच दारात पडलं होतं. बाबांनी ते परत करायला गाडीत नेऊन ठेवलं. आईने चिमणी लावली, आत-बाहेर एक चक्कर मारली आणि दार एका बोटाने ढकलून पाहिलं. मग शलाकाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "उद्या तीसचे तीस डबे जाणार गं."

पुढच्या रविवारी सकाळी शलाका गच्चीवर चढली. वसाहतीत चाळीस थंडघरं होती. तिने भिंती मोजल्या. एकतीस घरांच्या भिंतीत थर्मोकोलचा पांढरा चौकोन दिसत होता. ती खाली आली, उदबत्तीचा पुडा घेतला आणि खारूताईचा पिंजरा घेऊन फाटकाशी वाट पाहणाऱ्या शेवंतामावशींबरोबर पहिल्या घरापाशी जाऊन थांबली.

आत चिमणी गरजत होती.

"ओढा जोरात!" आतून आवाज आला. "अडकतं ते जरा सकाळचं!"

शलाकाने मावशींकडे पाहिलं, पाय चौकटीला टेकवला आणि दोन्ही हातांनी दार ओढलं.