राहीच्या पायाची पट्टी

हे माझ्याबाबतीत घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार. दुपारचे चार. मिरजोळ्याच्या पुढची एक वाडी.

माझी सगुणामावशी रत्नागिरीत मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी औषधं आणि पट्ट्या घेऊन ती वाड्यांमधून चालत फिरायची. तिचा एक नियम होता. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. अंगणात उभं राहून प्रभूच्या गाण्याचं एक कडवं म्हणायचं आणि थांबायचं. हाक आली तर आत, नाहीतर पुढच्या गुरुवारी परत.

केरूदादाच्या घरातून अकरा वर्षं हाक आली नव्हती.

आत त्याची बहीण राही होती. तिचा कुष्ठरोग बरा झाला होता, पण पाय बधिर राहिला आणि त्यावरची जखम भरेना. मावशीला ती जखम धुवायची होती, एवढंच. केरूदादाला वाटायचं, बाई बाटवायला येते. तो दार लावून घ्यायचा.

एवढी वर्षं उन्हात उभी राहून काय मिळालं, असं मी तिला एकदा चिडून विचारलं होतं.

"हाक मारतील गं," ती म्हणाली. "तेव्हा मी तिथे नको का?"

त्या आठवड्यात मंगळवारी मावशी न्यूमोनियाने गेली. बुधवारी आम्ही तिला माती दिली. तिचे पेशंट वाट बघत बसतील, म्हणून गुरुवारी मी सांगायला निघाले.

केरूदादाच्या घराअलीकडे एक वळण आहे. तिथे चारला पोचले आणि...

गाणं ऐकू आलं.

मावशीचा आवाज. तेच कडवं.

मग गाणं मध्येच थांबलं... ती कधीच कडवं अर्धवट सोडत नसे.

मी धावत अंगणात गेले. कोणी नव्हतं. एरवी अंगावर येणारा कुत्रा गप्प बसला होता. आणि दार... सताड उघडं.

मोबाइलवर पावणेपाच वाजले होते. मधला वेळ कुठे गेला, मला आजही सांगता येत नाही.

केरूदादा घमेल्यातलं पाणी ओतायला बाहेर आला.

"बाई आताच गेली," तो म्हणाला. "तुला वाटेत गावली नाय?"

तो सांगत राहिला. गेल्या गुरुवारी बाई अंगणात खोकत उभी होती, तरी त्याने दार लावलं. आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. म्हणून आज त्याने कडवं पुरं होऊच दिलं नाही, आधीच हाक मारली.

त्याने मला आत नेलं. राहीच्या पायाला पांढरीशुभ्र पट्टी होती. टोक मधोमध फाडून बाहेरच्या बाजूला गाठ... मावशी मारायची तशीच.

"बाई काय बोलली नाय," राही म्हणाली. "पाय धुताना निसती रडत होती. ह्या पायाला वीस वर्सं काय कळत नाय. पण तिच्या डोळ्यातलं पाणी पडलं, ते मला गरम लागलं."

पुढच्या गुरुवारी बाई येईल ना, असं केरूदादाने निघताना विचारलं. मी हो म्हटलं. आदल्याच दिवशी आम्ही तिला पुरून आलो होतो, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

आता जानेवारी आलाय. दर गुरुवारी मीच जाऊन पट्टी बदलते. बाईंना बरं नाही, असं सांगते. केरूदादा दार उघडं ठेवून चहा टाकतो, एक कप जास्तीचा. मीही वळणाकडे कान देऊन बसते. भीती वाटते, तरी बसते.

मावशी पुन्हा आलेली नाही.

गेल्या गुरुवारी केरूदादा खाली मान घालून म्हणाला, "बाई रागावली काय गो माझ्यावर? मी उशीर केला."

मी नाही म्हटलं. मग राहीच्या पायाची पट्टी सोडायला घेतली.