अव्वांचं वजन

"ने हे माघारी. माझ्या पोटाचं मी बघीन."

बसव्वांनी जेवणाचा डबा न उघडताच घराच्या पुढच्या सोप्यातल्या बाकावर ठेवला. अंजनाच्या हाताला आपला हात लागू नये अशा बेताने ठेवला आणि भिंतीला धरत धरत त्या आत निघून गेल्या. अंजनाच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण ते अपमानाचं नव्हतं. अपमान एव्हाना अंगवळणी पडला होता. सासूबाईंचं ते भिंत धरून चालणं पाहून तिच्या काळजात चर्र झालं होतं... कारण त्या थकत चाललेल्या देहातच तिच्या सौभाग्याचा प्राण गुंतला होता!

वीरेश हा शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याचा, लिंगायत घरातला एकुलता एक मुलगा. अंजना कागलच्या बौद्ध कुटुंबातली, शाळेत शिक्षिका. दोघांनी कॉलेजात असतानाच एकमेकांना शब्द दिला होता आणि तो पाळला. लग्नानंतर वीरेश तिला घेऊन आईच्या पाया पडायला आला, तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या बसव्वा एवढंच म्हणाल्या होत्या, "ल्योक माझा हाय. तू यायचं तर ये, पर सोप्यापतुर." त्या दिवसापासून सोपा हीच अंजनाची हद्द ठरली. संतापलेला वीरेश आईचं तोंड पाहणार नाही म्हणाला, तर अंजनानेच त्याची समजूत घातली. दर सणाला ती त्याला आईकडे धाडायची आणि आपण भाड्याच्या दोन खोल्यांत एकटीच पुरणपोळी लाटत बसायची.

मग वीरेशची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिसच्या फेऱ्यांनी तो उभा माणूस वाळून गेला. कुणीतरी आपलं मूत्रपिंड दिल्याशिवाय इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बसव्वांचं रक्त जुळलं. त्या माउलीने क्षणाचाही विचार केला नाही. लागली तर दोन्ही काढा, असंच त्या डॉक्टरांना म्हणाल्या. पण बसव्वांचा देह स्थूल. तुपाचा भात, गुळाच्या पोळ्या, दुपारची झोप यांत सुटत गेलेला. वजन उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया करणं धोक्याचं होतं.

बसव्वांनी वजन उतरवायचा आपला मार्ग शोधला. त्यांनी जेवणच सोडलं. सकाळी चहा, दुपारी केळं, सांजेला मूठभर साबुदाणा... लेकासाठी जणू तपच आरंभलं! वजन भराभर उतरू लागलं आणि त्या खूश झाल्या. पण हळूहळू केसांचे पुंजके हातात येऊ लागले, जिना चढताना पाय थरथरू लागले. मागच्या तपासणीत डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. चरबीबरोबर यांच्या अंगातलं मांसही झडतंय, रक्तातली प्रथिनं खाली गेलीत, अशा बाईच्या अंगावर मी सुरी चालवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. उपास बंद करून रोज अंडी खा म्हणाले, तर बसव्वांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून नकाराची मान हलवली. मग डाळी, कडधान्यं, दूध, दही यांवर भागवावं लागेल, आणि तेही तूप, साखर, भात आवरून, असं डॉक्टरांनी अंजनाला समजावून सांगितलं.

तेव्हापासून अंजनाने हे सगळं मनावर घेतलं होतं. पहाटे उठून डबा करायचा, शाळेआधी शाहूपुरीत पोचवायचा... आणि तो असा न उघडता परत यायचा.

त्या दिवशी मात्र ती उठली नाही. बराच वेळ सोप्यात बसून राहिली आणि मग आतल्या अंधाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाली,

"अव्वा, माझ्या हातचं नको तर नको. तुम्ही तुमच्या हातानं करा. मी इथं बसून सांगते. तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही."

थोड्या वेळाने आतून भांड्याचा आवाज आला. अंजनाने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. मटकीला मोड आणायचे, फोडणीला चमचाभरच तेल. ताटात उसळ आधी, भाकरी मागाहून. सायीवरचं दही नको, साय काढलेल्या दुधाचं घट्ट दही वाटीभर. ज्वारीच्या दळणात थोडं सोयाबीन. सांजेला हुलग्याच्या पिठाचं पातळसर माडगं, पण गुळाशिवाय.

"गुळाबिगर माडगं?" आतून रागाचा सूर आला. "गुळाच्या पेढीवरची बाई हाय मी."

"लेकासाठी, अव्वा..."

त्या दिवशी बसव्वा जेवल्या.

मग रोज असंच होऊ लागलं. सून सोप्यात, सासू चुलीपाशी आणि मध्ये तो उंबरा! स्वतःच्या सासरी परक्यासारखं बसून सासूला स्वयंपाक सांगताना अंजनाचं मन कितीदा विदीर्ण झालं असेल, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येऊन बसायची.

एके सकाळी आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी जड आदळलं. अंजना उठली, उंबऱ्यापर्यंत धावली आणि तिथेच थबकली. बसव्वा ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, घेरी आली होती. सांडलेली उसळ त्यांच्या पदराला लागली होती. त्यांनी वर पाहिलं. ज्या सुनेला त्यांनी इतकी वर्षं बाहेर ठेवलं, ती अशा वेळीही आपला शब्द पाळून दारात उभी होती. हात पुढे केलेले, पाय मागे...

बसव्वांनी तिच्याकडे हात पुढे केला.

"आत ये," त्या म्हणाल्या. "ये की गं. मी पडल्यावरबी तितंच हुबी ऱ्हाणार व्हय?"

अंजनाने त्यांना सावरून बसवलं, वाटीत दही घेतलं आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. बसव्वांनी डोळे मिटून तो घास घेतला. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून धारा वाहू लागल्या आणि अंजना ते दही भरवतच राहिली.

त्यानंतर चूल अंजनाच्या हाती आली. पालटून पालटून उसळी, मुगाची धिरडी, डाळीच्या पिठाची वडी... बसव्वा कुरकुरत पण ताट पुसून खायच्या. सकाळी दोघी रंकाळ्यावर चालायला जायच्या. ओळखीच्या बायका माना वळवून पाहायच्या. वजन आता सावकाश उतरत होतं, पण पायांत बळ येत होतं, तोंडावर तजेला चढत होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टर प्रसन्न झाले. आता शस्त्रक्रिया करता येईल म्हणाले. कागद चाळता चाळता सहज बोलून गेले की सूनबाईंचं रक्त जुळलं असतं, तर तुम्हाला हा त्रासच नव्हता. सगळ्यांच्या आधी त्या स्वतःचं मूत्रपिंड द्यायला आल्या होत्या, जुळत नाही म्हटल्यावर या खुर्चीत बसून किती रडल्या...

बसव्वांनी वळून अंजनाकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या मध्येच थांबल्या. "मला का बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं, अव्वा? द्यायला जमलंच नाही मला."

"जमलं न्हाई कसं?" बसव्वांनी तिचा दंड धरला. "मला हुबी कुणी केली? पोरी, माझ्या लेकाला मी एकटी न्हाई देत... आपण दोघी मिळून देतोय."

आणि तिथंच पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यांनी अंजनाला छातीशी धरलं.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. वीरेशच्या चेहऱ्यावर रक्त फिरू लागलं. बसव्वाही चार दिवसांत उठून बसल्या. दोघांना पाहायला दवाखान्यात कुरुंदवाडहून बसव्वांची थोरली बहीण आली. सगळे तिला आक्काच म्हणत. अंजना डबा उघडून वाढत होती. आक्काने बहिणीच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की हे रांधलं कुणी, आणि तू ते खातीस?

अंजनाचा हात थांबला. शेजारच्या खाटेवरून वीरेशने उठू पाहिलं.

"माझ्या सुनंनं रांधलंय," बसव्वा म्हणाल्या. "मी खातोय म्हणून तर माझा ल्योक बसलाय हितं. तुला वाढू?"

आक्का खिडकीबाहेर पाहत राहिली. मग उगीचच पदर सावरत म्हणाली, "वाढ जरा. वास बरा येतोय."

बसव्वांनी पलंगावर सरकून जागा केली आणि अंजनाचा हात धरून तिला आपल्याशेजारी बसवलं.

"तूबी घे," त्या म्हणाल्या. "सगळ्यास्नी वाढून एकटी मागं जेवायचं आता बास."