स्टुडिओतलं रिकामं स्टूल

पटत नसेल तर सोडून द्या, पण हे घडलंय. ज्यांच्या बाबतीत घडलं ते भय्यासाहेब माझे सख्खे काका.

साल १९९७, एप्रिल महिना. उज्जैन. टावर चौकाच्या मागे काकांचा फोटो स्टुडिओ होता. वर घर.

आदल्या पावसाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा मंदार राम घाटावर बुडाला. तेविसाव्या वर्षी.

तेव्हापासून स्टुडिओ बंदच.

त्यांचा भाचा आल्हाद जपानहून आला. येताना त्यांच्यासाठी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आला.

"मामा, यात रोलच नाही. फोटो काढायच्या आधीच या पडद्यावर सगळं दिसतं. आणि हे भिंग असं फिरवलं की स्वतःचाही फोटो काढता येतो."

पडदा जेमतेम काडेपेटीएवढा.

आल्हाद गेल्यावर एका दुपारी भय्यासाहेब स्टुडिओत उतरले. गिऱ्हाइकांच्या रिकाम्या स्टुलावर सहज कॅमेरा धरला...

स्टुलावर मंदार बसला होता.

त्यांनी मान वर केली. स्टूल रिकामं.

पडद्यात पाहिलं. मंदार. केसांतून पाणी ठिबकत होतं... आणि समोर फरशी कोरडी ठणठणीत.

बटण दाबलं. फोटोत नुसतं स्टूल आलं.

त्याला ठेवून घेता येत नव्हतं. फक्त बघता येत होतं, तेही सेल संपेपर्यंत. अर्ध्या तासात चारही सेल संपायचे.

भय्यासाहेब रोज दुपारी टावर चौकात जाऊ लागले. दुकानदार हसायचा, "फिर सेल? इतना रेडिओ सुनते हो, भय्यासाहब?"

आठव्या दिवशी मंदारचे ओठ हलले. तो काहीतरी सांगत होता... तेच तेच.

आवाज मात्र नाही.

सुलूकाकूंचे कान टायफॉइडमध्ये गेले होते. समोरच्याचे ओठ बघूनच त्या सगळं समजून घ्यायच्या. भय्यासाहेबांनी इतके दिवस लपवलेलं त्यांना सांगितलं. हाताला धरून खाली आणलं. शेजारी बसवून भिंग दोघांकडे वळवलं.

पडद्यात दोघं दिसली.

आणि मागे, दोघांच्या मधोमध... मंदार.

काकूंनी हात मागे नेला. हाताला काहीच लागलं नाही.

त्या एकटक बघत राहिल्या. भय्यासाहेबांनी त्यांची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"सुलू, काय म्हणतोय?"

"म्हणतोय... बाबा, बंद करा. तुम्ही बघायला लागलात की मला वर यावं लागतं. आणि सेल संपले की..."

"की काय?"

"पुन्हा बुडतो."

तेवढ्यात पडदा अंधुक व्हायला लागला.

मंदारचं तोंड उघडलं. एक हात वर आला...

पडदा काळा झाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी कॅमेरा ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. दोघं जेवली नाहीत.

दुसऱ्या दुपारी काकू बाहेरून आल्या. भय्यासाहेबांसमोर चार नवे सेल ठेवले.

"तुम्ही आठ दिवस बघितलंत," त्या म्हणाल्या. "मी एकदाच."

भय्यासाहेबांनी ट्रंकेची किल्ली काढून दिली.

ती दोघं त्यानंतर सहा वर्षं जगली. रोज दुपारी स्टुडिओचं दार आतून बंद असायचं.

मी एकदाच ते ठोठावलं होतं.

आत कुणीतरी खोकलं... नाकातोंडात पाणी गेल्यासारखं.

तो आवाज काकांचा नव्हता. काकूंचाही नव्हता.

मी पुन्हा ठोठावलं नाही. ठोठावायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही.